चप्पू आणि जेट स्की

बदनापूर तालुक्यातील सोमठाणा येथे दुधना नदीवर जो मध्यम प्रकल्प आहे, तो चांगल्या पावसाच्या वर्षी भरून वाहू लागला की सांडव्याचे पाणी पाहायला लांबलांबून माणसे येतात. गडावर रेणुकादेवीचे दर्शन आणि खाली पाण्याचे दर्शन, असा तो दुहेरी योग असतो. बारमाही नद्यांच्या मुलखात लोक पूर पाहायला जातात. नुसते पाणी पाहायला कोणी जात नाही. साठलेल्या पाण्याचे दर्शन घ्यावेसे वाटणे, ही गोष्टच या मुलखाची आर्थिक स्थिती सांगून जाते. दुष्काळाच्या वर्षी याच जलाशयाचा तळ उघडा पडतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, आणि पंधरा-पंधरा वर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना सरपणाच्या भावाने द्यावी लागली.

अशा तालुक्यातील कार्यकर्त्यांपुढे जेट स्कीचा, म्हणजे पाण्यावरून धावणाऱ्या मोटारसायकलीचा, विषय मांडणे हे अनेकांना विनोदाचे वाटेल. परंतु तो विनोद नव्हे. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्यात जलक्रीडांचा समावेश केला. २०२४ च्या पर्यटन धोरणात पर्यटन उद्योगाला भांडवली अनुदाने आणि करसवलती देऊ केल्या गेल्या. त्याच वर्षी मार्च महिन्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी, जावळी तालुक्यातील मुनावळे येथे, जलक्रीडा केंद्राचे मोठ्या समारंभाने उद्घाटन झाले. ज्या खोऱ्यातील माणसे धरणासाठी उठवली गेली आणि मुंबईच्या दिव्यांसाठी स्वतः कित्येक वर्षे अंधारात राहिली, त्याच खोऱ्यात हे घडले. आज मुनावळे, उद्या पैठण, परवा एखादा मध्यम प्रकल्प, असा हा प्रवास आहे. धोरणाची पावले कोणत्या दिशेने पडत आहेत हे पाणी आटलेल्या तालुक्यानेही वेळेवर ओळखले पाहिजे, कारण निर्णय होऊन गेल्यानंतरचा निषेध हा बहुधा केवळ ठरावाच्या वहीत राहतो.

या यंत्राचा जन्म पाहण्यासारखा आहे. १९३४ च्या हिवाळ्यात कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बाँबार्दिए नावाच्या यंत्रकाराचा लहान मुलगा पोटाच्या विकाराने दगावला. रस्ते बर्फाने बुजलेले होते आणि मुलाला इस्पितळात नेण्याचे साधन नव्हते. बर्फावरून चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग तो गृहस्थ आधीपासूनच करीत होता. या आघातानंतर त्याने ते तडीस नेले आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्या गाड्यांतून डॉक्टर रोग्यांकडे जाऊ लागले, टपाल जाऊ लागले, मुले शाळेत जाऊ लागली. पुढे १९४८ च्या सुमारास क्वेबेकच्या सरकारने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हटवण्याची जबाबदारी आपल्याकडे घेतली. साहजिकच त्या वाहनांची मागणी घसरली. मग कंपनीने लहान, एकट्यादुकट्याने चालवायची बर्फगाडी काढली आणि १९५९ पासून ती श्रीमंतांच्या हौसेची वस्तू बनली. त्याच कंपनीने १९६८ मध्ये क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटारसायकलपटूच्या कल्पनेवरून पाण्यावरची स्कूटर बाजारात आणली. तिला फारसे यश आले नाही. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानच्या कावासाकी कंपनीने तीच कल्पना उचलली, आणि तिने दिलेले 'जेट स्की' हे व्यापारी नाव आज अशा सर्वच यंत्रांना लागले आहे.

या हकिकतीतील एक गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तेथे आधी गरज होती, गरजेपोटी यंत्र आले, नंतर ती गरज शासनाने सार्वजनिक खर्चाने भागवली, आणि यंत्र मोकळे झाल्यावर त्याची हौस झाली. रस्ता आधी, खेळ मागून. महाराष्ट्रातील जलाशयांवर जे चालले आहे त्यात हा क्रम नेमका उलटा झाला आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील, गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा या गावाचे उदाहरण घ्यावे. जायकवाडीची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. त्या धरणाच्या फुगवट्याचे पाणी या गावच्या वाटेवर आले. उद्घाटनाला चार तपे होत आली तरी २०२२ साली तेथील शाळकरी मुले थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, हातात वल्ह्याच्या नावाने एखादी फळी घेऊन, पाणी ओलांडून शाळेत जात होती. पाण्यातले साप तराफ्यावर चढू नयेत म्हणून काठ्याही बाळगाव्या लागत. वृत्तपत्रांत हे छापून आले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली, तेव्हा कोठे शासनाला त्या पाण्यापलीकडे वस्ती असल्याचा बोध झाला. मराठवाड्यात अशा तराफ्याला चप्पू म्हणतात. वेष्टणातून आलेला थर्माकोल, वर बांबू किंवा फळ्या, बांधायला सुतळी किंवा नायलॉनची दोरी, एवढ्यावर तो तरंगतो. भोई आणि कहार समाजाचे अनेक मच्छीमार याच साधनावर, किंवा ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून, पहाटे जाळी काढायला जातात. नाथसागरासारख्या समुद्राच्या विस्ताराच्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या धंद्यातील धोका वेगळा सांगायला नको.

आंतर्देशीय जलयानांसाठी १९१७ चा जुना कायदा रद्द करून संसदेने २०२१ मध्ये नवा कायदा केला. यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता, विमा, सारे काही त्यात आहे. जेट स्की यंत्राने चालते, म्हणून ती कायद्याला दिसते. थर्माकोलचा तुकडा कोणत्याही नोंदवहीत नौका ठरत नाही, म्हणून त्यावर बसलेले माणूसही दिसत नाही. पर्यटक अर्ध्या तासासाठी पाण्यात उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर जीवरक्षक जाकीट चढवले जाते, त्याच्या सहीचा कागद घेतला जातो. मच्छीमार आयुष्यभर पाण्यावर असतो आणि त्याच्या अंगावर बनियन असते. विषमतेचे मोजमाप करण्यासाठी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत अनेक निर्देशांक आहेत. हा त्यांतला नाही, पण कोणाहून कमी बोलका नाही.

उजनीच्या फुगवट्यावर २१ मे २०२४ च्या संध्याकाळी जे घडले ते याच साखळीतले आहे. करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी या गावांच्या मध्ये भीमेचे अडलेले पाणी आहे. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक वर्षानुवर्षे नावेने जातात. त्या दिवशी वादळी वाऱ्यात नाव उलटली आणि सहा जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला म्हणून बातमी तरी लवकर कळली. ती नाव कोणी हौसेने चालवीत नव्हते. धरणाने बुडवलेल्या वाटेची ती जागा भरून काढीत होती. वाट बुडवणाऱ्या शासनाने तेथे पूल बांधावा किंवा तो होईपर्यंत सुरक्षित लाँच चालवावी, ही मागणी उपकाराची नव्हती. पाच वर्षांपूर्वी, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या महापुरातून माणसे काढताना गावाचीच नाव उलटून सतरा जण गेले. त्या नावेत मावतील त्यापेक्षा पुष्कळ जास्त माणसे चढली होती. पण पाणी चढत असताना आणि दुसरी नाव येण्याची शाश्वती नसताना माणसे रांग लावून थांबतील अशी अपेक्षा करणे हे चौकशी समितीच्या खोलीतच शक्य असते.

येथे जेट स्कीचे कामातले स्थान तपासणे न्याय्य होईल. या यंत्राला बाहेर फिरणारा पंखा नसतो. तळाच्या झडपेतून पाणी आत ओढले जाते, आतला पंखा ते दाबून मागच्या नळीतून वेगाने फेकतो आणि त्या धक्क्याने यंत्र पुढे जाते. त्यामुळे बुडत्या माणसाजवळ नेले तरी पात्याने इजा होण्याची भीती राहत नाही, आणि दोन-तीन फूट पाण्यातही ते चालते. हवाई बेटांवरील जीवरक्षकांनी १९९० च्या सुमारास त्याच्यामागे तरंगती गादी बांधून, लाटांत सापडलेल्या माणसांना ओढून आणण्याचे तंत्र बसवले आणि ते पुढे जगभर पसरले. गोव्यातही २००८ पासून किनाऱ्यांवर जी जीवरक्षक सेवा उभी राहिली, तिच्या साधनांत जेट स्की आहे. जे यंत्र कळंगुटला एका माणसाच्या दहा मिनिटांच्या मौजेसाठी फिरते, तेच शंभर हातांवर कोणाला तरी बुडताना वाचवते. तेव्हा यंत्राला दोष देऊन भागणार नाही.

मात्र हेही खरे की मराठवाड्याच्या पाण्यात या यंत्राची उपयुक्तता मर्यादित आहे. ते पाणी ओढते तसे पाण्यातले सगळेच ओढते. जलपर्णी, गाळ, वाळू आणि मुख्य म्हणजे मच्छीमारांची जाळी त्यात अडकतात आणि यंत्र बंद पडते. जाळे फाटते ते वेगळेच. त्यावर दोघे-तिघेच बसू शकतात. पुराने वेढलेल्या वस्तीतून म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि शेरडे-करडे काढायची असतील तर रबरी होडी आणि तिला मागे लावायचे साधे इंजिन हेच खरे उपयोगी. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पूर आला, त्यात धाराशिव, बीड, जालना, नांदेडकडील गावांनी पाहिले की पाणी रात्री येते आणि मदत दिवस उजाडल्यावर येते. या दोन वेळांमधले अंतर कमी करील ते साधन चांगले, मग त्याचे नाव काही का असेना.

आता पैशाकडे वळावे. चांगल्या प्रतीच्या जेट स्कीची किंमत दहा लाख रुपयांच्या पुढे आहे. जीवरक्षक जाकीट हजार-दीड हजारात येते. म्हणजे एका यंत्राच्या किमतीत सात-आठशे मच्छीमारांच्या किंवा शाळकरी मुलांच्या अंगावर जाकिटे चढू शकतात. पूर्ण वेगाने चालवले तर हे यंत्र तासाला तीस-चाळीस लिटर पेट्रोल सहज पिते. लिटरला शंभर रुपयांहून अधिक भाव धरला तर तासाला तीन हजार रुपये केवळ इंधनाचे होतात. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. दहा दिवस उन्हात माती उपसल्यावर जे हातात पडते ते एका तासात पाण्यावर उडून जाते. ही तुलना काहींना भावनिक वाटेल. पण ज्या पाझर तलावांच्या आणि धरणांच्या भरावांवर आता पर्यटन उभे करायचे आहे, त्यांतल्या कित्येकांची माती १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर याच मजुरांनी डोक्यावरून वाहिली आहे. हिशोबाच्या दोन्ही बाजू एकाच वहीत लिहाव्यात एवढाच या तुलनेचा हेतू आहे.

राममनोहर लोहियांनी लहान यंत्रांचा आग्रह धरला होता. त्यांचा अर्थ असा की थोड्या भांडवलात मिळणारे, खेड्यात दुरुस्त होणारे आणि पुष्कळ हातांना काम देणारे यंत्र हवे. जेट स्की आकाराने लहान आहे, एवढेच तिचे लोहियांशी नाते. ती परदेशातून येते, तिचे सुटे भागही बहुतांशी तेथूनच येतात, आणि बिघडली तर बदनापूरचा पंपदुरुस्ती करणारा कारागीर तिच्यापुढे हात टेकतो. याउलट पाच-सात माणसे बसतील अशी फायबरची होडी महाराष्ट्रात बनते, गावात डागडुजी होते आणि तिच्यावर एका कुटुंबाचे पोट चालते. लोहियांच्या कसोटीला ती होडी उतरते.

पर्यटनाने रोजगार मिळतो, हा युक्तिवाद अर्थातच केला जाईल, आणि तो पोकळ नाही. मालवण-तारकर्लीकडे मासेमारीचे उत्पन्न घटल्यावर अनेक कुटुंबांनी पर्यटकांना होडीतून फिरवून आपली घरे सावरली. परंतु तेथेही किनाऱ्यावर ज्याची मालकी त्याचा नफा, हा नियम हळूहळू स्पष्ट होत गेला. महागडी यंत्रे आली की भांडवलवाला आला, आणि कालचा नाखवा आज त्याच्याकडे हंगामी चालक झाला. हंगामही पावसाळ्यामुळे मेच्या अखेरीस बंद होतो. २४ मे २०२२ रोजी, म्हणजे हंगाम संपायला जेमतेम दोन दिवस उरले असताना, तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. संपत आलेल्या हंगामात शक्य तेवढ्या फेऱ्या मारून घेण्याचा मोह सगळ्याच किनाऱ्यांवर असतो. नफ्याची घाई आणि पाण्याचा स्वभाव यांचे जमत नाही. समुद्राकाठच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या दर्यावर्दी माणसांवर जेथे ही वेळ येते, तेथे मराठवाड्यातील जलाशयांवर कंत्राटदाराने आठ दिवस शिकवून उभ्या केलेल्या पोराच्या हाती काय होईल, याचा विचार झालेला बरा. या यंत्राचा एक दोष नवशिक्याला माहीत नसतो. घाबरून त्याने इंधनाची कळ सोडली की पाण्याचा झोत थांबतो, आणि झोत थांबला की जुन्या बनावटीचे यंत्र वळतही नाही. समोरचा चप्पू चुकवायची वेळ येते तेव्हा यंत्र सरळ त्याच्यावर जाते.

जलक्रीडेचे समर्थक आणखी एक मुद्दा मांडतात. जेट स्की पाणी पीत नाही, मग शेतकऱ्याचे काय जाते? मुद्दा वरवर बिनतोड आहे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत उद्योगाला शेतीच्या आधी बसवले गेले होते. २०११ मध्ये ती चूक दुरुस्त होऊन पिण्याच्या पाण्यानंतर शेती आली. पर्यावरण आणि करमणूक यांचा क्रम त्या यादीत खालीच आहे. परंतु करमणुकीचे पाणी हे वापरून संपणारे नसून उभे राहणारे असते, आणि वाद तेथेच सुरू होतो. उन्हाळी पर्यटनाचा हंगाम एप्रिल-मेमध्ये असतो. शेतकऱ्याला उन्हाळी आवर्तनही त्याच महिन्यांत हवे असते. धक्क्यापासून पाणी दूर गेले तर केंद्रचालकाचे नुकसान. कालव्याला पाणी सोडले नाही तर मोसंबीवाल्याचे. एकदा का करारनाम्यात गुंतवणूकदाराचे उत्पन्न हिशोबात धरले गेले की कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर दोन अर्ज येतील, आणि त्यांतला कोणता अर्ज अधिक चांगल्या कागदावर टंकलेला असेल हे सांगायला नको. त्यात उन्हाळ्यात जायकवाडीच्या विस्तीर्ण पृष्ठावरून दररोज एक दशलक्ष घनमीटरहून अधिक पाणी वाफ होऊन जाते. ते पाणी उभे ठेवणे फुकट नसते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी जात होते आणि त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे एप्रिलनंतरचे क्रिकेट सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानांना लागणारे पाणी एकूण टंचाईच्या मानाने किरकोळ होते, हे त्या वेळी अनेक शहाण्यांनी आकड्यांनिशी सिद्ध केले. परंतु प्रश्न आकड्यांचा नव्हताच. टंचाईत कोणाची तहान आधी आणि कोणाची करमणूक नंतर हे समाजाला उघडपणे ठरवावे लागते. ते ठरवण्याचे काम न्यायालयावर येऊन पडले, याचा अर्थ ज्यांनी ते करायला हवे होते त्यांनी केले नव्हते.

करमणूक ही मुळात वाईट, अशी भूमिका मात्र समाजवादी कार्यकर्त्याने घेऊ नये. आठ तासांच्या कामाची मागणी ही विश्रांतीची आणि मोकळ्या वेळेचीही मागणी होती. ऊस तोडून आलेल्या कुटुंबातील पोराला पाण्यात डुंबावेसे वाटते, त्यात चंगळवाद नाही. खेदाची गोष्ट ही की जालना जिल्ह्यातील आजच्या पोराला पाणी भेटते ते शेततळ्यात. कडवंची परिसराने शेततळ्यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या आणि ते पाहून सबंध जिल्ह्यात तळी झाली. शेतीचे त्यात कल्याणच झाले. परंतु तळ्याला अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. आत पडलेले मूल, पोहता येत असूनही, वर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात मराठवाड्यात कोठे ना कोठे अशी मुले बुडतात. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. तळ्याच्या चार बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडणे आणि एक हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवणे, याला काही शेकड्यांहून अधिक खर्च येत नाही. अनुदान देताना ही अट घालून ती काटेकोरपणे तपासली, आणि तालुक्यात एक सार्वजनिक पोहण्याचा तलाव आणि एक शिकवणारा माणूस ठेवला, तर जलक्रीडेचे यापेक्षा लोकशाही रूप दुसरे नसेल.

जलाशयांवर पर्यटन येणारच असेल तर ते कोणाच्या मालकीचे, हा पुढचा प्रश्न आहे. याबाबत मध्य प्रदेशातील तवा धरणाचा अनुभव समाजवादी चळवळीचा स्वतःचा आहे. होशंगाबाद जिल्ह्यातील केसला भागात विस्थापित आदिवासींनी किसान आदिवासी संघटनेच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि १९९६ मध्ये त्या जलाशयातील मासेमारीचा हक्क स्वतःच्या सहकारी संघाकडे, तवा मत्स्य संघाकडे, मिळवला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून त्या रानात कायमचे राहायला गेलेले सुनील या लढ्यात होते. ठेकेदाराच्या काळापेक्षा मच्छीमारांच्या हाती अधिक पैसा पडू लागला, बीज सोडण्याचे काम नियमाने होऊ लागले. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, व्याघ्र प्रकल्पाचे कारण देऊन शासनाने तो हक्क पुढे दिला नाही. म्हणजे प्रयोग फसला म्हणून बंद झाला नाही. चालत असताना बंद केला गेला. महाराष्ट्रातही १९७२ नंतर बाबा आढाव, दत्ता देशमुख आदींनी धरणग्रस्तांची संघटना बांधली आणि १९७६ च्या पुनर्वसन कायद्यामागे त्या चळवळीचे बळ होते. तो कायदा जमिनीबद्दल बोलतो. बुडालेल्या जमिनीवर जे पाणी उभे राहिले त्याच्या पृष्ठभागावर पहिला हक्क कोणाचा, याबद्दल तो बोलत नाही, कारण त्या वेळी त्या पृष्ठभागाला बाजारभाव नव्हता. आज तो आला आहे. नौकाविहाराचा परवाना द्यायचाच असेल तर तो बुडीत गावांच्या आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला द्यावा, कोणती यंत्रे आणावीत आणि कोठवर न्यावीत हे त्या संस्थेने ठरवावे. जाळी कोठे पसरली आहेत हे तिच्याखेरीज कोणाला ठाऊक असणार?

नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि जालन्यासह अनेक शहरांचे पिण्याचे पाणीही तेथूनच येते. अमेरिकेसारख्या यंत्रप्रेमी देशानेही २००० मध्ये आपल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत या वाहनांना बंदी केली, आणि टाहो सरोवरावर जुन्या दोन फटक्यांच्या इंजिनांना १९९९ पासूनच मज्जाव झाला, कारण तसले इंजिन चौथा हिस्सा इंधन न जाळताच पाण्यात सोडते. श्रीमंत देशांनी टाकलेली जुनी यंत्रे गरीब देशांत स्वस्तात येतात, हा अनुभव नवा नाही. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर असे इंजिन उतरू देऊ नये, यासाठी फार मोठ्या सिद्धांताची गरज नाही.

बदनापूरच्या कार्यकर्त्यांना यात तूर्त करण्यासारखे काम साधे आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुखपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहे आणि दर मे महिन्यात मान्सूनपूर्व आढाव्याची बैठक होते. त्या बैठकीआधी तहसील कार्यालयाकडे लेखी विचारावे की तालुक्यासाठी रबरी होड्या किती, इंजिने किती, त्यांतली चालू किती, जाकिटे किती आणि कोणत्या खोलीत. ती खोली रात्री कोण उघडतो. आपदा मित्र म्हणून ज्यांना शिकवले गेले त्यांतले तालुक्यातले कोण आणि त्यांनी शेवटचा सराव कधी केला. दुधनेला पूर आला तर होडी वीसेक किलोमीटरवरच्या जालन्याहून निघणार की आणखी लांबून, आणि रस्ता पाण्याखाली असताना ती कोणत्या वाटेने येणार, हेही विचारावे. उत्तर आले तर ते ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावे. उत्तर आले नाही, तर तसे लिहून तो कागदही तेथेच लावावा.